बॅटरीवर चालणारी करवत : पाते काढणे, बसविणे व निगा राखणे

ज्ञानेश्वर माउलींची पालखी लोणंदहून निघून तरडगाव, फलटण, बरड या मार्गाने पंढरीकडे जाते. या वाटेवरील गावांत पालखीपूर्वी डागडुजीची एकच धांदल उडते. शाळेच्या दाराची निखळलेली फळी, खिडकीची कुजलेली चौकट, मोडका बाक, मैदानात लोंबणारी कडुनिंबाची फांदी यांची आठवण मुख्याध्यापकांस नेमकी याच वेळी होते. मग सुतारास बोलावणे जाते. पूर्वी सुतार येई तेव्हा त्याच्या खांद्यावरील झोळीत करवत, रंधा, पटाशी आणि गिरमिट असे. आज त्याच्या पेटीत बहुधा बॅटरीवर चालणारी गोल करवतही असते. डाळिंबाच्या बागांतून छाटणीसाठी साखळीची लहान करवत आली आहे, तीही याच जातीची. तात्पर्य, हे हत्यार शाळेच्या आवारात व मुलांच्या घरांत येऊन पोहोचले आहे. शिक्षकास ते स्वतः चालवावे लागेलच असे नाही. परंतु त्याचे पाते कसे बदलतात, कोठे दगा होतो आणि काय तपासावे, हे त्यास ठाऊक असणे अगत्याचे आहे. कारण शाळेच्या आवारात काम चालू असताना मुलांच्या बोटांची जबाबदारी सुतारावर नसून आपणांवर असते.

या करवतीचा मुख्य धोका तिच्या वेगात नाही, तिच्या शांतपणात आहे. तारेच्या करवतीस वीज आहे की नाही हे दिसते. बटनपट्टीतून पिन काढली, तार जमिनीवर पडली, की यंत्र निर्जीव झाले हे पहिलीतील मुलासही कळते. बॅटरीच्या करवतीस तार नाही. ती बाकावर आडवी पडलेली असली तरी तिच्यात पुरती शक्ती भरलेली असते. ‘तार नाही म्हणजे वीज नाही’ ही समजूत आपल्या मनात इतकी खोल आहे की जाणते कारागीरही बॅटरी न काढता पात्यास हात लावतात. एका हाताने बोल्ट ढिला करताना दुसऱ्या हाताचे बोट चापावर पडले तर पुढे काय होईल हे सांगावयास नको. पुष्कळ करवतींस चापाखेरीज एक अडसर-बटण असते व ते दाबल्याशिवाय चाप चालत नाही, हे खरे. तथापि त्यावर विसंबून पाते बदलणे म्हणजे दाराची कडी लागलेली असेल या भरवशावर विहिरीच्या काठी मूल सोडून जाणे होय.

बॅटरीवर चालणारे पहिले विजेचे छिद्रयंत्र अमेरिकेतील ब्लॅक अँड डेकर या कंपनीने १९६१ साली बाजारात आणले. त्या काळच्या बॅटऱ्या जड व अल्पजीवी होत्या. करवतीसारख्या भुकेल्या यंत्रास त्या पुरत नसत. १९९१ साली लिथियम-आयन बॅटरी विक्रीस आली आणि चित्र पालटले. या बॅटरीच्या शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघा शास्त्रज्ञांस २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हाती धरावयाच्या गोल करवतीची कथा तर ऊसकरी तालुक्यातील मुलांस मुद्दाम सांगण्याजोगी आहे. अमेरिकेच्या लुइझियाना प्रांतात एडमंड मिशेल नावाच्या गृहस्थाने मजूर कोयत्याने ऊस तोडताना पाहिले व कोयत्यास मोटर जोडता येईल काय, या विचारास तो लागला. त्या खटाटोपातूनच हाती धरून चालविण्याची विजेची करवत निघाली आणि १९२४ साली तिचा कारखाना उभा राहिला. उसाचा कोयता जेथे तेथेच राहिला, सुताराचे हत्यार मात्र बदलले. बॅटरीवरील वाहन तर फलटणकरांस मुळीच नवे नाही : १९६८ साली येथे स्थापन झालेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने विजेवर चालणारी सायकल-रिक्षा तयार केली होती.

आता पात्याचा वेग पाहू. हे गणित सातवीच्या वर्गात फळ्यावर मांडण्यासारखे आहे. बॅटरीच्या करवतीत सर्रास आढळणारे पाते १६५ मिलिमीटर व्यासाचे असते. त्याचा परीघ सुमारे ५१८ मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या मीटरहून किंचित अधिक. यंत्र मिनिटास ५,००० फेरे घेत असेल तर दात्याचे टोक दर सेकंदास सुमारे ४३ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५५ किलोमीटर वेगाने धावते. पात्यास २४ दाते असतील तर एका सेकंदात २,००० दाते एका बिंदूवरून जातात. बोट मागे घेण्यास माणसास सेकंदाचा एक लहानसा अंश लागतो. तेवढ्यात शेकडो दाते जाऊन चुकलेले असतात. ‘मी पटकन हात काढीन’ असे म्हणणाऱ्या मोठ्या मुलास हा एक आकडा पुरेसा होतो. उपदेशाहून तो अधिक काम करतो असे माझे मत आहे.

पाते काढावयाचे असेल तेव्हा चाप सोडल्यावर पाते पूर्ण थांबेपर्यंत प्रथम वाट पाहावी. काही यंत्रांत पाते आवरणारा विजेचा रोध असतो, काहींत नसतो. नसेल तर पाते काही क्षण आपल्याच गतीने फिरत राहते. पाते थांबले की बॅटरी काढावी. नुसती सैल करून ठेवू नये. पूर्ण बाहेर काढून दुसऱ्या बाकावर, पण आपल्या नजरेसमोर ठेवावी. मग चाप एकदा दाबून पाहावा व यंत्र मुके आहे याची खात्री करून घ्यावी. एवढे झाल्यावाचून पात्याजवळ हात नेऊ नये. नुकतेच काम केलेले पाते तापलेले असते, म्हणून ते निवू द्यावे. हातात जाड मोजे घालावेत. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी : मोजे पाते हाताळताना घालावयाचे, करवत चालविताना नव्हे. फिरत्या पात्यात मोज्याचा धागा अडकला तर तो बोटासह आत ओढला जातो. सैल बाह्या, उपरणे, लोंबणारी ओढणी यांचेही तेच.

यानंतर करवत सपाट जागी आडवी ठेवावी. यंत्राच्या अंगावर आस अडकविण्याचे एक बटण असते. ते दाबून धरावे व पाते हाताने हळूहळू फिरवावे. ‘कट्’ असा आवाज होऊन आस अडकते. पाते फिरत असताना हे बटण कधीही दाबू नये, आतील खीळ मोडते. पाते अडविण्यासाठी दात्यांत पेचकस किंवा लाकडाचा तुकडा खुपसण्याची चाल काही ठिकाणी दिसते, तीही तितकीच वाईट. त्याने दात्याचे टोक उडते. आस अडकली की षट्कोनी पान्याने मधला बोल्ट सोडवावा. हा पाना बहुतेक यंत्रांत मुठीजवळच खोचून ठेवलेला असतो, यास्तव पाना सापडत नाही म्हणून पकडीने बोल्ट पिळण्याचे कारण नाही.

बोल्ट कोणत्या दिशेने सुटतो, येथे अनुभवी सुतारही फसतो. जन्मभर त्याने डावीकडे फिरवून बोल्ट सोडविलेले असतात. परंतु बॅटरीच्या अनेक करवतींत पाते यंत्राच्या डाव्या अंगास असते आणि तेथे बोल्टास उलटे आटे पाडलेले असतात. कारण समजले तर दिशा पाठ करावी लागत नाही. पाते कापू लागते तेव्हा लाकूड त्यास मागे ओढते आणि हा ओढा बोल्टापर्यंत पोहोचतो. तो बोल्टास ढिला न करता अधिक घट्टच करील अशा बेताने आटे घेतलेले असतात. म्हणून पाते ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने बोल्ट फिरविला म्हणजे तो सुटतो आणि विरुद्ध दिशेने फिरविला म्हणजे आवळतो. पाते कोणत्या दिशेने फिरते हे यंत्राच्या आवरणावरील बाण सांगतो. एवढे करूनही बोल्ट हटत नसेल तर पान्यास नळी लावून जोर करू नये. यंत्राबरोबर आलेली पुस्तिका उघडून पाहावी.

बोल्ट निघाला की त्याखालील चकती निघते. ती कोणत्या बाजूने बसली होती हे आधीच पाहून ठेवावे. उलटी बसविली तर पाते डगमगते. मग खालचे आवरण त्याच्या दांडीने वर सरकवून धरावे आणि पाते अलगद बाहेर घ्यावे. पाते काढल्यावर लगेच नवे बसविण्याची घाई नको. आसेभोवती व आवरणाच्या आत भुशाचा थर जमलेला असतो, तो कोरड्या कुंच्याने काढावा. दोन्ही चकत्या फडक्याने पुसाव्यात. चकतीखाली भुशाचा एक कण राहिला तरी पाते किंचित तिरपे बसते, आणि सेकंदास ऐंशीहून अधिक फेरे घेणाऱ्या पात्याचा तिरपेपणा किंचित राहत नाही.

नवे पाते निवडताना तीन गोष्टी जुळावयास हव्यात : व्यास, मधल्या छिद्राचे माप आणि वेग. पात्यावर त्याचा कमाल वेग छापलेला असतो. तो यंत्राच्या वेगाहून कमी असता कामा नये. छिद्र मोठे असेल तर पत्र्याचे कडे करून बसविण्याची युक्ती कोणी सुचवील, ती मुळीच स्वीकारू नये. दात्यांच्या संख्येविषयी एवढेच पुरे की २४ दात्यांचे पाते भराभर व खडबडीत कापते, ४० दात्यांचे सावकाश व साफ कापते. बसविताना पात्यावरील बाण व आवरणावरील बाण एका दिशेस असावेत. हाती धरावयाच्या गोल करवतीत पात्याच्या खालच्या अंगाचे दाते पुढे व वर पाहतात. पाते उलटे बसले तर ते कापत नाही, लाकूड जाळते. बोल्ट हाताच्या जोराने पुरता आवळावा, पाना काढून जागेवर ठेवावा, पाते एकदा हाताने फिरवून ते कोठे घासत नाही हे पाहावे आणि मगच बॅटरी लावावी. पहिल्याने काही सेकंद करवत रिकामीच चालवावी. तेव्हा पात्याच्या रेषेत कोणी उभे राहू नये.

खालच्या आवरणाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. करवत लाकडात शिरते तेव्हा हे आवरण आपोआप मागे सरकते व बाहेर येताच कमानीच्या जोराने पुन्हा पात्यावर येते. भुसा व डिंक साचून ते अडखळू लागते. मग कंटाळलेला कारागीर त्यास सुतळीने मागे बांधून ठेवतो. बांधलेले आवरण दिसले तर शिक्षकाने काम तेथेच थांबवावे, यात भीड बाळगू नये. उघडे पाते खाली ठेवताना मांडीस लागते, आणि चाप सोडल्यावरही ते काही क्षण फिरत असते. आवरण साफ केल्यानंतर ते दांडीने उचलून सोडावे. झटकन जागेवर आले पाहिजे. न आले तर कमान बदलावयास हवी.

पात्याच्या निगेत पहिला शत्रू म्हणजे डिंक. आपल्या भागातील बाभूळ आणि कडुनिंब ही दोन्ही झाडे डिंकाची. ओले लाकूड कापले की दात्यांच्या बुडाशी काळपट थर बसतो, तो घर्षणाने तापतो व पाते लाकडात अडकू लागते. पुष्कळदा धार गेली असे समजून टाकून दिलेले पाते केवळ मळलेले असते. असे पाते यंत्रातून काढून कोमट पाण्यात भांडी घासण्याचा साबण घालून पंधरा मिनिटे बुडवून ठेवावे व जुन्या दातघासणीने साफ करावे. चाकूने खरवडू नये, चुलीच्या जाळावर धरू नये आणि तीव्र कॉस्टिकही वापरू नये, कारण त्याने दात्यांचा धातू खराब होऊ शकतो. धुतलेले पाते पूर्ण कोरडे करून तेलाचा अगदी पुसट हात द्यावा. बॅटरीच्या करवतीचे पाते शक्ती वाचावी म्हणून मुद्दाम पातळ केलेले असते. इतर हत्यारांच्या ढिगाखाली ते वाकते. खिळ्यास टांगावे किंवा दोन पुठ्ठ्यांत सपाट ठेवावे.

धार खरोखर गेली हे कसे ओळखावे? करवत ढकलावी लागते, कापलेली कड करपते, जळका वास येतो. याखेरीज बॅटरीच्या करवतीत एक खूण अधिक आहे : बॅटरी नेहमीहून लवकर संपते. सुतार ‘बॅटरी बिघडली’ म्हणतो तेव्हा आधी पाते पाहावे. बोथट पात्याचा धोका असा की ते लाकडात अडकते व करवत उसळून चालविणाऱ्याच्या अंगावर येते. धारदार हत्याराहून बोथट हत्यार अधिक घातक असते, हे जुन्या सुतारांचे म्हणणे येथे शब्दशः खरे ठरते.

तथापि धार लावण्याच्या बाबतीत जुने ज्ञान येथे उपयोगी पडत नाही. हाताच्या करवतीचे पोलाद नरम असल्याने तिकोनी कानशीने तिचे दाते घासता येतात. या गोल पात्यांच्या दात्यांवर टंगस्टन कार्बाइडचे लहान तुकडे झाळलेले असतात. कार्बाइड कानशीहून कठीण असते. कानस घासून कानसच झिजते आणि तुकडा मात्र सांध्यावर हादरून निसटण्याचा संभव वाढतो. असे पाते हिऱ्याच्या चाकावर धार लावणाऱ्या दुकानात द्यावे, किंवा बदलावे. पाते काढले की प्रत्येक वेळी दाते एकेक करून पाहावेत. एखादे टोक उडालेले असेल, पात्यास तडा गेला असेल किंवा ते वाकले असेल तर ते पुन्हा चढवू नये. शाळेच्या जुन्या बाकांत गंजलेले खिळे दडलेले असतात. कापण्यापूर्वी ते पकडीने उपटून काढले तर निम्मी पाती वाचतात.

सरळ पाते वरखाली चालणाऱ्या लहान करवतीत बोल्ट नसतो, खटका दाबला की पाते सुटते. रीत सोपी आहे म्हणूनच तेथे बॅटरी काढण्याचा आळस अधिक होतो. साखळीच्या करवतीतही प्रथम बॅटरी काढावी, बाजूचे झाकण उघडावे व पट्टीच्या खाचेतील भुसा काढावा. परत बसविताना वरच्या अंगाचे धारदार दाते टोकाकडे तोंड करून असावेत. साखळी मोजे घातलेल्या हाताने ओढता यावी, पण पट्टीखाली लोंबू नये, एवढा ताण ठेवावा. आणि तिचे तेल कधी आटू देऊ नये.

बॅटरीवर कोठे १८ व्होल्ट तर कोठे २० व्होल्ट लिहिलेले असते. दोन्हींत बहुधा पाच घटच असतात. प्रत्येक घट सरासरी ३.६ व्होल्टचा, म्हणून एकूण १८. पूर्ण भरल्यावर भाराविना मोजले तर बेरीज २० च्या वर जाते. फरक यंत्राचा नसून मोजण्याचा आहे. मात्र म्हणून एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या यंत्रास जबरीने लावू नये. वैशाखात पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हातील गाडीत बॅटरी ठेवू नये, आणि कामावरून काढलेली गरम बॅटरी निवल्याशिवाय भारण्यास लावू नये. खिळ्यांच्या डब्यात तर ती कदापि टाकू नये. खिळ्याने दोन टोके जोडली गेली तर आग लागते.

शाळेत काम असेल तेव्हा ते सुटीच्या दिवशी अथवा शाळा सुटल्यावर करवावे. तसे न जमल्यास दोरी बांधून किंवा फक्कीची रेघ ओढून हद्द आखावी आणि तेथे एक शिक्षक उभा करावा. मुले यंत्राभोवती गोळा होणारच. त्यांचे कुतूहल दडपण्यापेक्षा काम संपल्यावर, बॅटरी दूर ठेवून, पाते दाखवावे व दाते मोजू द्यावेत. वर्धा येथील १९३७ च्या शिक्षण परिषदेनंतर मूलोद्योगाच्या शाळांत सुतारकामास स्थान मिळाले, तेही हाताच्या हत्यारांसह. प्राथमिक शाळेतील मुलाने आजही हाताच्या करवतीवरच शिकावे. बॅटरीची करवत त्याच्या हाती देऊ नये.

दक्षता घेऊनही बोट कापले तर जखमेवर हळद, चुना किंवा चहापत्ती भरू नये. स्वच्छ फडके घट्ट दाबून धरावे, हात वर उचलून ठेवावा व १०८ क्रमांकास दूरध्वनी करावा. बोटाचा तुकडा वेगळा झाला असेल तर तो स्वच्छ ओलसर फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावा, पिशवीचे तोंड बांधावे आणि मग ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. तुकड्यास बर्फ थेट लागू देऊ नये, त्याने तो निकामी होतो. रुग्णाबरोबर ती पिशवीही रुग्णालयात गेली पाहिजे. गडबडीत ती घटनास्थळीच राहून जाते, म्हणून ती कोणी न्यावयाची हे तत्क्षणी एका माणसास नाव घेऊन सांगावे.

शाळेने स्वतःची करवत घेतली असेल तर उन्हाळी सुटीपूर्वी पाते काढून, पुसून, तेल लावून वेगळे ठेवावे. बॅटरी अर्धी भरलेल्या स्थितीत कोरड्या व थंड जागी, यंत्रापासून निराळ्या कपाटात कुलपात ठेवावी आणि किल्ली मुख्याध्यापकांनी आपल्याजवळ बाळगावी. फुगलेली बॅटरी भारू नये, उकिरड्यावर किंवा जाळात टाकू नये. तिच्या टोकांस चिकटपट्टी लावून ती विक्रेत्याकडे परत द्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.